वाहक कोणी निवडावा?

बीडहून मांजरसुंब्यास यावे आणि तेथून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता धरावा, म्हणजे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात नेकनूर हे बाजाराचे गाव लागते. अशा गावी हल्ली नवे घर बांधणाऱ्या गृहस्थापुढे वीज आणि पाणी यांच्या पाठोपाठ एक तिसरा प्रश्न येऊन उभा राहतो. तो म्हणजे इंटरनेट कोणाचे घ्यावे हा. काचेच्या तंतूतून येणारी, लोक जिला नुसते ‘फायबर’ म्हणतात ती सरकारी कंपनीची जोडणी घ्यावी, केबलवाल्याने विजेच्या खांबांवरून ओढलेली घ्यावी, की तारेचा नाद सोडून मोबाइल कंपनीच्या टॉवरवरच विसंबून राहावे, याविषयी पारावर जी चर्चा चालते, ती परक्या श्रोत्यास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या गृहस्थाच्या वडिलांस किंवा आज्यास असा प्रश्न विचारण्याचा प्रसंगच कधी आला नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या चर्चेचे महत्त्व कळून येते.

इंटरनेटचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगण्यात येतो. अमुक साली इतके बिट, तमुक साली इतके पट अधिक, असे आकडे एकापुढे एक मांडले म्हणजे तो सांगून झाला, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्या मते त्या इतिहासाची दुसरी बाजू अधिक विचारणीय आहे. आपला निरोप कोणाच्या हाती द्यावा, हे ठरविण्याचा अधिकार कोणत्या काळी कोणाकडे होता, आणि तो सामान्य माणसाच्या हाती कितपत आला, ही ती बाजू होय.

या देशात निरोपाच्या तारेवरील मालकीचा पाया १८८५ च्या भारतीय तार कायद्याने घातला. तार उभारणे, राखणे व चालविणे हा सरकारचा अनन्य अधिकार आहे, इतरांस तो परवान्यानेच मिळेल, असे त्या कायद्याचे तत्त्व होते. पुढे टेलिफोन आला, बिनतारी आली, अखेर इंटरनेट आले. पण घोड्याच्या टांग्यांच्या जमान्यातला तो कायदा २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत होईपर्यंत या सर्वांवर अंमल गाजवीत राहिला. नेकनूर त्या आरंभकाळी इंग्रजी मुलखात नसून निजामाच्या राज्यात होते, आणि निजामाचे टपालखाते स्वतंत्र, तिकिटेही स्वतंत्र. ते तिकीट राज्याच्या सीमेपर्यंतच चाले. पुण्या-मुंबईस पत्र धाडावयाचे तर इंग्रज सरकारचे तिकीट लावावे लागे. म्हणजे वाहक दोन होते खरे, परंतु त्यांतून निवड करणारा पत्र लिहिणारा नव्हता; पत्ता ज्या दिशेचा, ती दिशाच निवड करी. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर हे द्वैत मिटण्याचा मार्ग मोकळा झाला आणि सर्वत्र एकच वाहक उरला.

संगणकांना एकमेकांशी बोलते करण्याचा या देशातील पहिला मोठा उद्योग १९८६ साली ‘एर्नेट’ या नावाने सुरू झाला. केंद्र सरकारचे इलेक्ट्रॉनिक्स खाते, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे साह्य, पाच आय. आय. टी., बंगळूरची विज्ञानसंस्था आणि मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, असा त्याचा संसार होता. जुहूच्या केंद्राचे प्रमुख श्रीनिवासन रमाणी यांचे नाव या प्रकरणी आदराने घेतले पाहिजे. जुहू आणि पवई यांच्यामध्ये टेलिफोनच्या साध्या तारेवरून संगणकाची पत्रे जाऊ-येऊ लागली, तेव्हा त्या सोयीचा लाभ घेणारे लोक थोडे आणि सर्व विद्याव्यासंगी होते. पत्रे साठवून ठेवावयाची आणि तार मोकळी सापडली म्हणजे पुढे ढकलावयाची, अशी ती रीत. जुन्या टप्प्याटप्प्याच्या डाकेचीच विद्युत् आवृत्ती म्हणा ना! १९८९ च्या मे महिन्यात भारताला ‘.इन’ हे पत्त्याचे शेपूट मिळाले, आणि त्याची व्यवस्थाही जुहूच्याच केंद्राकडे राहिली.

याच सुमारास राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उपग्रहाच्या साह्याने जिल्ह्यांची ठिकाणे दिल्लीशी जोडण्याचे ‘निकनेट’ नावाचे काम हाती घेतले आणि १९९० च्या आसपास ते बहुतांशी तडीस नेले. जेथे आगगाडीची शिटी कधी ऐकू आली नव्हती, अशाही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांवर उपग्रहाकडे तोंड करून बसलेल्या थाळ्या दिसू लागल्या. बीड शहरात पहिली प्रवासी गाडी धावली ती २०२५ च्या सप्टेंबरात. तेव्हा या शहरापुरते बोलावयाचे तर विसाव्या शतकाचे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या यंत्राआधी कित्येक वर्षे येऊन बसले होते. परंतु ती थाळी रयतेची नव्हती. तीतून आकडे वर जात आणि हुकूम खाली येत.

सर्वसाधारण माणसास पैसे मोजून इंटरनेट घेण्याची मुभा १९९५ च्या ऑगस्टात, स्वातंत्र्यदिनाच्या मुहूर्तावर मिळाली. विदेश संचार निगम ही सरकारी कंपनी परदेशाशी होणाऱ्या सर्व दळणवळणाची एकमेव वाहक होती. तिनेच मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा मोठ्या शहरांतून ही सेवा उघडली. खाजगी व्यक्तीस २५० तासांचे ५,००० रुपये आणि व्यापारी पेढीस २५,००० च्या वर, असा दर होता. अडीचशे तास वर्षभर पुरवावयाचे म्हटले तर दिवसास एक्केचाळीस मिनिटे हाती येतात. वेग सेकंदास ९,६०० बिट. या वेगाने रोमन लिपीतील पानभर मजकूर दोन सेकंदांत उतरे, ही गोष्ट त्या काळी चमत्काराहून कमी वाटली नाही. परंतु आजच्या मानाने लहानसे, एक मेगाबाइटचे छायाचित्र आणावयास चौदा मिनिटे लागत, म्हणजे दिवसाच्या शिध्यापैकी एक तृतीयांश एका चित्रात खर्ची पडे. आणि हे सर्व टेलिफोनच्या बिलाखेरीज.

त्या काळची आठवण ज्यांस आहे त्यांस मोडेमचा तो विलक्षण आवाजही आठवत असेल. प्रथम डायलचा सूर, मग दोन यंत्रांची शीळ, मग घशात पाणी अडकल्यासारखी खरखर, आणि एकाएकी शांतता. ती शांतता म्हणजे यश. कितीतरी वेळा ती यावयाचीच नाही, पलीकडची तार गुंतलेली असे आणि पुनःपुन्हा फिरवावे लागे. साधली तरी घरातील कोणी शेजारच्या खोलीत रिसीव्हर उचलला की सारे मुसळ केरात. टेलिफोन हा घराचा असे. इंटरनेट मात्र घरातील एकाचे, आणि तो बोलत असता बाहेरच्या जगास ते घर बंद. घराघरांतून यावरून जे कलह झाले त्यांची नोंद कोठल्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. तथापि दळणवळणाच्या इतिहासात त्यांना जागा असावी असे आम्हास वाटते.

१९९८ च्या नोव्हेंबरात ही एकछत्री सत्ता संपली. खाजगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. अ, ब आणि क असे त्यांचे तीन वर्ग होते. अ वर्गाचा परवाना अखिल देशास, ब वर्गाचा एका दूरसंचार मंडळास किंवा महानगरास, आणि क वर्गाचा जेमतेम जिल्ह्याएवढ्या टापूस. परवान्याचे शुल्क नाममात्र. कागदावर पाहता ही योजना उदार होती, आणि क वर्गाची कल्पना तर आम्हास विशेष आवडते. जिल्ह्यातील एखाद्या उद्योगी तरुणाने आपल्याच टापूपुरते लहानसे केंद्र काढावे आणि आपल्या माणसांची गरज ओळखून ते चालवावे, असा तीत अभिप्राय होता. मुंबई-पुण्याच्या ग्राहकास त्यातून खरोखरच निवड लाभली. ‘सत्यम ऑनलाइन’सारख्या कंपन्या तासांची पाकिटे दुकानांतून विकू लागल्या आणि भाव झपाट्याने उतरले. परंतु क वर्गाच्या पुष्कळ परवान्यांवर सेवा कधी सुरूच झाली नाही, आणि ज्यांची झाली त्यांपैकी बहुतेकांनी थोड्याच वर्षांत गाशा गुंडाळला.

असे का झाले? नव्या वाहकापाशी सर्व काही होते. नव्हती ती फक्त गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतची तार. ती तार सरकारी टेलिफोन खात्याची, म्हणजे १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगमची. खेड्यांतून टेलिफोन पोहोचविण्याचे श्रेय त्या खात्यास आणि १९८४ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेस निःसंशय आहे. तिने बनविलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज वातानुकूलनावाचून उन्हाळ्याचा ताप सोसून चाले, आणि अशा पेट्यांनी देशाच्या अंतर्भागाचा मुकेपणा बराच घालविला. परंतु ती तांब्याची जोडी मनुष्याचा आवाज वाहण्यासाठी घातलेली होती. मोडेम तिला आवाजाच्याच वेशात आकडे वाहावयास लावी, म्हणून त्याच्या वेगाला ५६ हजार बिटांचा बांध होता. पुढे ए. डी. एस. एल. या युक्तीने त्याच जोडीतून आवाजाच्या वरच्या पट्टीत आकडे वाहविता येऊ लागले. पण पट्टी जितकी उंच तितका संकेत तारेत लवकर विरतो, आणि एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरांपलीकडे त्यात काही जीव उरत नाही. एक्स्चेंज ज्या गावी, त्या गावच्या पेठेत इंटरनेट. शिवारातील वस्तीवर नाही. कंपनी कोणती हा प्रश्न वस्तीवरच्या माणसापर्यंत येऊन पोहोचतच नव्हता.

२००४ साली या प्रश्नाच्या मुळाशी हात घालण्याची एक संधी आली होती. भारत संचार निगमने आपली तांब्याची तार योग्य भाडे घेऊन इतर कंपन्यांस वापरू द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्या साली केली. इंग्लंडात तसे करण्यात आले होते. आपल्या सरकारने त्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदास २५६ हजार बिट ही ब्रॉडबँडची व्याख्या स्वीकारली. परंतु तार खुली करण्याची सक्ती मात्र घातली नाही. निगमच्या कामगारांचे म्हणणे सर्वथा टाकाऊ नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. सार्वजनिक पैशाने, तोटा सोसून, डोंगराडोंगरांतून ज्या तारा ओढल्या, त्यांवरची साय तेवढी खाजगी कंपन्यांनी खावी आणि तुटलेली तार जोडावयास पावसात निगमच्याच माणसाने जावे, यात न्याय कोणता? परंतु ज्याच्या नावाने हा न्याय मागितला त्या ग्रामीण ग्राहकाच्या पदरात शेवटी काय पडले ते पाहावे. दुसरा वाहक आला नाही. आणि जो होता त्याची तार वर्षानुवर्षे गंजत राहिली. २००५ च्या जानेवारीत निगमची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली खरी, आणि रात्री दोनपासून सकाळी आठपर्यंत मोजदाद नाही, या सवलतीपायी गजर लावून उठणारे विद्यार्थी पुष्कळांनी पाहिले असतील. तो लाभही एक्स्चेंजच्या आसपासच्यांनाच झाला.

या मध्यंतरीच्या काळात महाराष्ट्राने केलेल्या एका प्रयोगाचे स्मरण येथे अवश्य केले पाहिजे. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यातील ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना निघाली. खर्चाचा मोठा भाग केंद्र आणि राज्य सरकारांचा, उरलेला वारणेच्या सहकारी संस्थांचा. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या त्या सहकारी परिवारात ऊसकरी सभासदास उसाची नोंद, तोडीची पाळी, काट्यावरचे वजन, बिलाची रक्कम यांसाठी कारखान्यावर हेलपाटे घालावे लागत. ते गावच्या केंद्रावरच कळावे, आणि जोडीस जगाचे ज्ञान मिळावे, असा संकल्प होता. पुढे ‘मायक्रोसॉफ्ट’च्या बंगळूर येथील संशोधकांनी पाहणी केली तेव्हा आढळले, की जगाच्या ज्ञानाचा भाग जवळजवळ पडून होता, सभासद येत ते आपल्या उसाचा हिशेब विचारावयास. तेव्हा त्या संशोधकांनी सात गावांत संगणक बाजूस सारून मोबाइलच्या लघुसंदेशावर तोच हिशेब देण्याची व्यवस्था करून पाहिली, आणि ती अधिक स्वस्त व अधिक सोयीची ठरली. कित्येकांनी याला योजनेची फजिती म्हटले. आम्हास तसे वाटत नाही. गरज कोणती हे सभासदांनी स्वतःच्या वर्तनाने सांगितले, आणि वाहक त्याप्रमाणे बदलला. असा योग सरकारी योजनांत विरळा.

तथापि त्या चित्राबाहेर एक माणूस उभा होता. सभासदाच्या उसाला तोड मिळाली म्हणजे कोयता घेऊन फडात उतरणारे मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर कोठून येतात, हे नेकनूरच्या वाचकांस सांगावयास नको. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या ओस पडतात. म्हातारीकोतारी आणि शाळकरी पोरे मागे राहतात. उसाच्या हिशेबाचा संगणक उसाच्या मालकाच्या गावी आला; उसाला तोडणाऱ्याच्या गावी नाही. या माणसाला घराशी जोडणारा पहिला खरा वाहक म्हणजे मोबाइल, आणि तो निवडण्याची त्याची कसोटी कोणत्याही जाहिरातीत दिसणार नाही. वेग किती आणि स्वस्ताई किती हे तो नंतर पाही. ज्या कंपनीची रेंज फडावरच्या कोपीतही लागते आणि मागे आईच्या वस्तीवरही लागते, तिचेच कार्ड त्याने घ्यावयाचे. २०११ च्या जानेवारीपासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली, तिचे मोल अशा माणसास सर्वांत अधिक, कारण मुकादमापाशी आणि सोयऱ्यांपाशी असलेला त्याचा पत्ता म्हणजे तो क्रमांकच.

भाषेचा अडसरही होताच. त्याविषयी थोडक्यात सांगतो. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच स्थान मिळाले असले, तरी घरच्या संगणकांवर ती सोय पोहोचण्यास पुढचे दशक उजाडावे लागले. तोपर्यंत प्रत्येक मराठी वृत्तपत्राचा फाँट निराळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती चिन्हांची गर्दी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला, तोवर इंटरनेटवर मराठी माणसे होती, पण मराठी पाने फार विरळ होती.

२०१५ च्या अखेरीस एक विलक्षण वाद माजला. ‘फेसबुक’ कंपनीने ‘फ्री बेसिक्स’ या नावाने निवडक स्थळे फुकट दाखविण्याची योजना पुढे केली आणि तिच्या समर्थनार्थ कंपनीच्या मालकाने एका इंग्रजी वृत्तपत्रात लिहिलेल्या लेखात महाराष्ट्रातीलच एका शेतकऱ्याचा दाखला दिला. फुकट ते नको म्हणणारे लोक शहरी आणि सुखवस्तू आहेत, असाही सूर निघाला. परंतु येथे वाहकच पत्र कोणास लिहावे हे ठरविणार होता. निजामी तिकिटावर सीमेपलीकडचा पत्ता चालत नसे, तशीच ही गोष्ट. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियामक प्राधिकरणाने स्थळागणिक निराळा दर आकारण्यास बंदी केली, आणि आमच्या मते ते योग्य केले.

त्याच वर्षीच्या ५ सप्टेंबरास जिओ कंपनीने आपली सेवा उघडली आणि कित्येक महिने फुकट वाटली. परिणाम दोन झाले, आणि ते एकाच वेळी झाले. ज्या वस्तीवर तांब्याची तार कधी पोहोचली नव्हती, तेथल्या पोराच्या हातात चलच्चित्रे खेळू लागली. हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. दुसरीकडे रिलायन्स कम्युनिकेशन्स, एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो ही नावे दोन-तीन वर्षांत बाजारातून नाहीशी झाली आणि २०१८ च्या ऑगस्टात व्होडाफोन व आयडिया एकत्र झाल्या. खाजगी तीन आणि सरकारी एक, एवढेच वाहक उरले. सरकारी कंपनीच्या स्वदेशी बनावटीच्या ४-जी यंत्रणेचे उद्घाटन व्हावयास २०२५ चा सप्टेंबर उजाडला. नऊ वर्षांचे अंतर पडलेले गिऱ्हाईक परत येते किंवा कसे, ते पुढे दिसेल. वस्तीवरच्या माणसाला निवड मिळाली ती अशी, की ती मिळण्याच्या आणि आकसण्याच्या क्रियेत फारसा काळ गेला नाही.

तथापि नेकनूरच्या गृहस्थाच्या प्रश्नाचे उत्तर राहिलेच. तो प्रश्न आता चैनीचा नाही. पीकविम्याचा अर्ज, सातबारा, शिष्यवृत्ती, स्वस्त धान्य दुकानातला अंगठा, सर्व याच वाटेने जाते, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी जोडणी बसली म्हणजे हंगामाचे नुकसान होते. २०११ साली मंजूर झालेली आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने चाललेली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना याच हेतूने निघाली. जाहिरातीतला वेगाचा आकडा पाहून वाहक निवडणे आम्हास म्हणूनच पुरेसे वाटत नाही. रस्ता रुंदीकरणाच्या खोदकामात फायबर तुटला तर जोडणारा माणूस बीडहून यावयाचा की गावातच आहे, वीज गेल्यावर खांबावरची पेटी किती वेळ तग धरते, या चौकशा आधी कराव्यात. आणि घरात दोन जोडण्या ठेवण्याची ज्याची ऐपत आहे, त्याने एक गोष्ट अवश्य विचारावी. दोन कंपन्यांची पाटी निराळी असली तरी गावापर्यंत दोघींचे फायबर पुष्कळदा एकाच रस्त्याने, एकाच चरातून येतात, जे. सी. बी.च्या एका फटक्यात दोन्ही मुक्या होतात. तेव्हा कंपनी कोणती याआधी, तुमची तार कोणत्या रस्त्याने गावात येते, हे त्यांच्या माणसाकडून काढून घ्यावे. केबलवाला ते बहुधा जाणतो, आणि चहा पाजला तर सांगतोही.